ऑर पुढे गेला तेव्हा मागे कोण होतं

झोरिया, सास्कॅचेवान
१४ ऑक्टोबर

मिरोन,

माझं अक्षर पाहून दचकू नकोस. आई जिवंत आहे. आत्ता समोर बसून बीट सोलते आहे आणि मी कुणाला लिहितोय ते तीनदा विचारून झालंय. विजेच्या कंपनीला, असं मी सांगितलंय.

फोन का केला नाही असं म्हणशील. फोनवर आपण दोघं काय बोलतो ते तुला ठाऊक आहे. तुमच्याकडे किती अंश, आमच्याकडे किती अंश, घे आईशी बोल. तू रविवारी फोन करतोस तेव्हा मी फावडं घेऊन अंगणात जातो, बर्फ असो वा नसो. शेजारची स्टेला परवा म्हणाली, "ओरेस्ट, मातीच उकरतोस की रे!"

पत्र लिहायचं कारण आईच आहे. गेल्या आठवड्यात टीव्हीवर टाय लावलेले चारजण बसले होते. बर्फावरच्या हॉकीतले आजवरचे सर्वश्रेष्ठ बचावपटू कोण, त्यांचा क्रम लावत होते. लिडस्ट्रॉम पहिला, ऑर दुसरा, मग बोर्क, मग हार्वी, आणि एडी शोरला कुठेतरी तळाला टाकून दिलं. आपल्याच प्रांताचा माणूस, आणि त्याच्याबद्दल त्यातल्या एकालाही वाक्य पुरं करता येईना. आई ते बघून भडकली. अशी भडकलेली मी तिला कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. हातातली सुई टीव्हीकडे रोखून म्हणाली, "यांच्यातला एकतरी कधी पाठमोरा स्केटवर पळालाय का? मिरोनला विचार. तो सांगेल बरोबर."

मी तिथेच बसलो होतो. आपण दोघं एकाच जोडीत खेळलो, तू डावीकडे, मी उजवीकडे, गावाच्या संघात सहा हिवाळे. पण विचारायचं मिरोनला. असो. विचारतोय.

तर तुझ्या मते पहिले पाच पाठव. उगाच लांबण लावू नकोस. आईला वाचून दाखवेन.

बाकी ठीक. रिंकचं काम मी सोडलं. रिंकचा बर्फ गुळगुळीत करणाऱ्या गाडीवर चढताना पाय उचलत नाही. तिथे आता विशीतली एक पोरगी आहे, कडेला बर्फ जाड ठेवते. सांगितलं तर हसते.

आईचं नाव लिंडालच्या वृद्धाश्रमाच्या प्रतीक्षायादीत घातलंय. तुला सांगायला हवं म्हणून सांगतोय, सल्ला विचारत नाही. पुढच्या महिन्यात आरोग्य खात्याची बाई येऊन तिला तपासेल.

ओरेस्ट

&nbsp;

झोरिया
६ नोव्हेंबर

मिरोन,

तुझं कार्ड मिळालं. पुढच्या बाजूला तळं, मागच्या बाजूला पाच नावं. "कसे आहात" वगैरे काही नाही. आईने कार्ड फ्रिजवर लावलंय. तळ्याची बाजू आत, नावांची बाहेर.

ऑर पहिला. मला वेगळं काही अपेक्षितच नव्हतं.

मी हे पत्र दोनदा लिहून फाडलं. तू लिहिलेलं वाचल्यावर मला बारा वर्षांपूर्वीचा तो सहा जानेवारी, आपल्या जुन्या पंचांगातल्या ख्रिसमसची आदली रात्र, पुन्हा डोळ्यांपुढे आला. बाबा जाऊन दोन महिने झाले होते. रिवाजाप्रमाणे टेबलावर गवत, वर पांढरा कपडा, आईची खीर. तू म्हणालास, ऑर नऊच वर्षं धड खेळला पण त्या नऊ वर्षांत खेळच बदलून टाकला, किती दिवस टिकला याला काय अर्थ आहे. मी म्हणालो, अर्थ आहे. वीस-वीस वर्षं रोज रात्री उतरून, मार खाऊन, घर राखणाऱ्याला अर्थ आहे. नऊ वर्षांत चमकून निघून गेलेल्याला पहिला नंबर द्यायला तुला बरं वाटणारच.

टेबलावरचा कुणीच त्या वेळी हॉकीबद्दल बोलत नव्हता, हे स्टेलाच्या मांजरालासुद्धा कळलं असतं. बाबांचं अंथरूण मी केलं. त्यांना उचलून न्हाऊ-माखू मी घातलं. तू उन्हाळ्यात आठ दिवस यायचास, आणि ते तुला बघून उठून बसायचे, तुझ्याबरोबर हसायचे, आणि तू गेलास की पुन्हा भिंतीकडे तोंड. मला त्यांनी शेवटच्या वर्षात नावानेसुद्धा हाक मारली नाही. तू चमचा खाली ठेवलास आणि गाडी काढलीस. खीर वाढायची होती अजून.

ते शब्द मी मागे घेतो असं समजू नकोस. एवढंच म्हणतो की माझ्या तोंडून ते खिरीच्या आधी निघायला नको होते.

तेव्हापासून आई त्या रात्री दोन रिकामी ताटं मांडते. एक मेलेल्यांसाठी, ते आपल्या लोकांत सगळेच मांडतात, ते बाबांचं. दुसरं कुणाचं ते मी विचारलं नाही. मला वाटतं, तिने तुला मेलेल्यांत धरलंय. खरं सांगू, पहिली काही वर्षं मला त्यात समाधान वाटायचं. आता त्या ताटाकडे बघवत नाही.

तपासणीवाली बाई एकवीस तारखेला येते आहे. टेरिल फ्रीसन नाव. फोनवर बरी वाटली. आईला जागा मिळायला हवी, मिरोन. ती चुलीवर दूध ठेवते आणि अंगणात जाते. कधी मला बाबा समजून ओरडते, कधी परका समजून खुर्ची देते. खुर्ची देते तेव्हा जास्त लागतं.

माझा खुबा गेलाय, असं डॉक्टर म्हणतो. म्हणजे जागेवर आहे, पण झिजलाय. आपल्या घराण्यात तुझा गुडघा आणि माझा खुबा. दोघांत मिळून एक धड माणूस निघेल.

ओरेस्ट

&nbsp;

झोरिया
२३ नोव्हेंबर

मिरोन,

टेरिल फ्रीसन येऊन गेली. जे झालं ते सांगतो, हसायचं तर हस. मी दोन दिवस हसायचा प्रयत्न करतोय.

मी आईला निळा झगा घालून बसवलं होतं. बाई आली, बूट काढले, समोर बसली. कोवळी पोरगी, गाल थंडीने लाल. गोड आवाजात विचारायला लागली.

"आजी, आज वार कोणता?"

"सामना कुणाचा आहे ते सांग, मग वार सांगते."

"साल कोणतं चालू आहे?"

"तुझ्याकडे कॅलेंडर नाही का गं?"

"पंतप्रधान कोण आपले?"

"कोणी का असेना. आमच्या रस्त्यावरचे खड्डे बुजवलेत का त्याने?"

"हे गाव कुठलं?"

आईने तिच्या माहेरच्या शेताचं नाव सांगितलं. ते शेत चाळीस वर्षांपूर्वी विकलं. बाई लिहून घेत होती. आणि मला, मिरोन, हायसं वाटत होतं. आपल्या आईला आपलं गाव आठवत नाही म्हणून मला हायसं वाटत होतं. मी खिडकीबाहेर बघत उभा राहिलो.

तेवढ्यात त्या पोरीची नजर भिंतीवरच्या संघाच्या फोटोकडे गेली. "अय्या, माझे बाबा लिंडालकडून खेळायचे! बचावालाच!"

आई खुर्चीत सरसावून बसली. "नाव काय बापाचं?"

"हेन्री फ्रीसन."

"हेन्री? तो कोपरं मारणारा?" आई म्हणाली. "माझ्या मिरोनचा दात त्यानेच पाडलाय. वर डावीकडचा."

"बाबा म्हणायचे की तो दात आधीपासूनच हलत होता."

"हलत होता! तुझा बाप खोटारडा. चहा घेशील?"

त्या पोरीने पेन खाली ठेवलं. मी मागून म्हटलं, "बाई, तुमचे प्रश्न राहिलेत." कोण ऐकतं? फ्रिजवरचं तुझं कार्ड तिने वाचलं आणि विचारलं, "हे कुणी लावलंय? ऑर पहिला? आता लिडस्ट्रॉमच्या पुढे कुणी नाही, आजी."

"तो स्वीडनचा?" आई म्हणाली. "चांगला आहे. नीटनेटका. कधी चुकला नाही, कधी आजारी पडला नाही. पण त्याला बघता बघता मला भांडी घासता यायची. ऑर खेळायचा तेव्हा चुलीवरचं दूध उतू जायचं."

"मग दुसरा कोण? हार्वी?"

"हार्वी तिसरा. हार्वीला घाई नव्हती कसली. मला वाटायचं, हा आता चकती तिथेच सोडून सिगारेट पेटवणार. शोर चौथा, पण तो माझ्या वडिलांमुळे. बोर्क पाचवा. बिचाऱ्याने कपासाठी किती वाट पाहिली."

"मग दुसरा?"

"डॅलस स्मिथ."

"कोण?"

आई तिच्याकडे अशी बघायला लागली जशी आपल्याकडे बघायची, आपण हात न धुता पेरोहीची उकडलेली करंजी उचलली की. "ऑर चकती घेऊन पुढे धावला, सगळं मैदान सोडून धावला, बरोबर? मग त्याच्या मागे कोण उभं होतं? तू? का तुझा बाप? मॅनिटोबाचा डॅलस स्मिथ उभा होता. शेतकऱ्याचा पोर. ऑर गेला की त्याने एकट्याने दोघांची जागा सांभाळायची. चुकलं तर शिव्या याला, गोल झाला तर टाळ्या त्याला. जो तो विचारतो, पहिला कोण, पहिला कोण. बचावाला कुणी एकटा उतरतो का गं? दोन-दोन उतरतात. मग यादीत एक-एक का लिहितात?"

टेरिल तासभर बसली. मधाच्या दोन पोळ्या खाल्ल्या. जाताना आईचा हात हातात घेऊन म्हणाली, आजी, माझ्या बाबांना मी तुमच्याबद्दल सांगणार.

काल तिचा फोन आला. आनंदाने सांगत होती. "तुमच्या आई तर माझ्यापेक्षा तल्लख आहेत! साठ वर्षांपूर्वीचे खेळाडू, त्यांची खेळायची पद्धत, तर्कशुद्ध वाद. त्यांना इतक्यात आश्रमाची गरज नाही. नाव खाली सरकवलंय. तुम्ही खरंच भाग्यवान आहात, मिस्टर स्तादनिक."

मी आभार मानले. दुसरं काय म्हणणार होतो? दुसऱ्या गावाहून कुणी आला असता, हॉकीचं तोंड न बघितलेला, तर वार, साल, पंतप्रधान, सगळ्यांपुढे फुली मारून निघून गेला असता. पण आपल्या मुलखात असा माणूस आणायचा कुठून? इथे ज्याला बचावपटूंचा क्रम लावता येतो तो शहाणा.

ती पोरगी गाडीत बसून गेली तेव्हा आई दारात हात हलवत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चांगली आहे. मिरोनची बायको का ही?"

आता जे लिहायचं ते लिहितो. माझ्या खुब्याचं ऑपरेशन नऊ जानेवारीला सास्काटूनला ठरलंय. दोन वर्षं वाट पाहून मिळालेली तारीख आहे. त्यानंतर दीड महिना मला जिना चढता येणार नाही, आईला उचलता येणार नाही. तोवर आश्रमात जागा मिळेल, असा माझा हिशेब होता. तो हिशेब मधाच्या पोळ्यांबरोबर गेला.

तुला कळावं म्हणून लिहिलं.

ओरेस्ट

&nbsp;

झोरिया
१७ डिसेंबर

मिरोन,

तुझं पत्र आलं. चार पानं. बारा वर्षांत पहिल्यांदा चार पानं, आणि चारही पानांत डॅलस स्मिथ दुसरा का असू शकत नाही ते. पॉटव्हिन कुठे, रॉबिन्सन कुठे, त्या कॉफी नावाच्या बचावपटूच्या पायात काय वेग होता. अगदी मुद्देसूद. आईला वाचून दाखवलं, ती खूश झाली, म्हणाली, "पोरगं हुशार आहे, पण चुकतंय."

नऊ जानेवारीबद्दल एक ओळ नाही. तुला विषय कळला नाही असं मी मानत नाही. तू चकती घेऊन पळ काढलास, नेहमीसारखा. आणि मीही सरळ विचारलं नव्हतं, हेही खरं. आपल्याला बाबांनी हेच शिकवलं. अंगावर चकती झेलायची, ओरडायचं नाही.

परवा काय झालं ते ऐक.

दुपारी मला डुलकी लागली. जागा झालो तर आई घरात नाही. दार उघडं, हॉलमध्ये बर्फाची भुकटी. उणे एकतीस होतं बाहेर. तिचे बूट जागेवर. मला जिना उतरायला किती वेळ लागला ते विचारू नकोस. मी कठड्याला धरून, एकेक पायरी बसत उतरलो, आणि तोंडाने शिव्या घालत होतो. तिला, स्वतःला, तुला. सगळ्यात जास्त तुला.

रस्त्यावर स्टेला भेटली. तिनेच गाडीत घातलं. रिंकच्या दारात आईची एक सपात पडली होती, तेव्हा कळलं.

ती आत बसली होती. वरच्या लाकडी पायरीवर, बाबांचा कोट पांघरून, एका पायात सपात, दुसरा पाय मोज्यात. खाली शाळेतल्या पोरांचा सराव चालू होता. बर्फाच्या गाडीवाली ती पोरगी तिच्याजवळ बसली होती. आपला कानटोपा काढून तिने आईच्या पायात घातला होता. मी तिला कडेच्या बर्फावरून आता कधी बोलणार नाही.

मी वर चढत चढत जवळ गेलो. म्हटलं, "आई, इथे काय करतेस गं?"

"गप्प. मिरोन पुढे गेलाय." तिची नजर खालून हलेना. "मागे कोणी दिसत नाही. ओरेस्ट कुठाय? नेहमी असतो ना तो मागे."

"मी इथे आहे, आई."

तिने मान वळवून मला वरपासून खालपर्यंत बघितलं. काठीकडे बघितलं. आणि अगदी सभ्यपणे म्हणाली, "तुम्ही नव्हे हो. तुम्ही तर म्हातारे आहात."

मी तिच्या शेजारी बसलो. खाली पोरं पळत होती, दमली की बाकाकडे यायची, आणि एक आला की दुसरा कठड्यावरून उडी मारून आत. बघत बसलो. मिरोन, आपण खेळत असताना सर्वांत वाईट काय असायचं, आठवतं? मार नव्हे, हार नव्हे. बाक लांब पडलाय, चकती आपल्याच भागात अडकलीये, पाय जड झालेत, आणि बाहेर पडता येत नाहीये. समोरचे ताजे गडी उतरवतात, आणि आपले तेच दोघे. त्या वेळी डोळ्यांपुढे काळोखी यायची, पण निदान शेजारी तू असायचास.

मी थकलोय. हे वाक्य मी आजवर कुणाला लिहिलेलं नाही, बोललेलं नाही. बाबांच्या वेळी नाही, आता नाही. मी फार थकलोय. सकाळी आईच्या आधी उठतो तेव्हाच थकलेला असतो. कधी कधी असं वाटतं की ती एकदाची... पुढचं लिहीत नाही. तुला कळेल. कळत नसेल तर बाबांच्या खोलीत महिनाभर राहून बघ, कळेल.

आई टेरिलला जे म्हणाली ते मी तेव्हा तुला गंमत म्हणून लिहिलं. पण त्या पायरीवर बसून मला ते उलटं सुचलं. ऑर पुढे धावला तर स्मिथ मागे राहिला, हे खरं. पण ऑर परतही यायचा. गुडघे फुटले तरी पुढे जायचा तसा धावत मागे यायचा, म्हणून तर तो पहिला. मी हे बारा वर्षांपूर्वी मान्य केलं नाही, कारण मला आपल्या घरातला ऑर परत येताना दिसला नव्हता.

आता सरळ विचारतो. ये. सहा जानेवारीच्या आत ये. दीड महिना राहा. भांडायचं असेल तर भांड, क्रम लाव, पॉटव्हिनला दुसरा कर, तिसरा कर, मी काही बोलणार नाही. पण ये. तू आला नाहीस तर मी नऊ तारीख सोडून देईन आणि काठीवर जे होईल ते करेन, आणि पुन्हा पत्र लिहिणार नाही.

ओरेस्ट

&nbsp;

सास्काटून
१४ जानेवारी

मिरोन,

पाकिटावर आपल्याच घराचा पत्ता लिहिताना विचित्र वाटलं. त्या पत्त्यावर मी आयुष्यात कधी पत्र पाठवलं नव्हतं. पाठवणार कसं, तिथेच तर असायचो.

नवा खुबा बसलाय. नर्स मला दोन्ही काखांत धरून खोलीत फिरवते. शेजारच्या खाटेवर एक म्हातारा आहे, तो हार्वीला पहिला धरतो. त्याच्याशी माझं बरं जमतं, कारण त्याला ऐकू येत नाही.

सहाच्या रात्री तू दारात उभा राहिलास तेव्हा मी काही बोललो नाही, त्याचा राग धरू नकोस. माझ्या हातात खिरीचं पातेलं होतं, आणि ते पडलं असतं. डोंगरातून दोन दिवस गाडी हाकत आलास, दाढी पांढरी, लंगडतोयस, अगदी बाबाच. आणि आत येऊन नेमका बाबांच्या ताटासमोर बसलास.

आईने तुझ्या हातावर चापट मारली. "ते ताट मेलेल्यांचं. ऊठ. तुझं हे." आणि दुसरं ताट पुढे सरकवलं. "उशीर केलास. सराव लांबला का? सार गार झालं."

बारा वर्षं मी त्या ताटाचा भलताच अर्थ लावत होतो, मिरोन. मला वाटत होतं तिने तुला गेलेल्यांत धरलंय. ती फक्त तुझ्यासाठी जेवण झाकून ठेवत होती. माझ्या डोळ्यांसमोर, दरवर्षी. मी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. विचारलं नाही.

तू टेबलावर रडलास ते मी बघितलं नाही असं समज. मीही स्वयंपाकघरात पातेलं ठेवायला गेलो होतो, त्याला जरा वेळ लागला.

आता कामाचं. दुधाजवळ तिला एकटी सोडू नकोस. तिला चहात मध लागतो, पण घातलेला दिसला पाहिजे, नाहीतर पुन्हा घालते. अंघोळीचं पाणी आधी तिच्या हातावर ओतून दाखव. बाबा कुठे म्हणून विचारलं तर शेतावर गेलेत असं सांग. मी सुरुवातीला खरं सांगायचो, आणि ती दरवेळी नव्याने रडायची. शेताचं मला फार उशिरा सुचलं. टेरिल फ्रीसन पुन्हा तपासायला येणार आहे. मी इथून तिला फोन करून सगळं सांगितलं, दुधाचं, रिंकचं, मोज्याचं. ती म्हणाली, "माझी चूक झाली, मिस्टर स्तादनिक." मी म्हटलं, आमच्याकडे ही चूक कुणाच्याही हातून झाली असती. ती यायच्या आत फ्रिजवरचं कार्ड उतरवून ठेव. आणि तिच्या बापाला तुझ्या दाताबद्दल निरोप पाठवू नकोस, जागा मिळेपर्यंत तरी.

काल तू फोनवर सांगितलंस ते मी अजून मनात घोळवतोय. तू अगदी सहज सांगितलंस, बाजारातून काय आणू विचारावं तसं. म्हणालास, आई सकाळपासून खिडकीशी बसलीये, जेवायलाही उठत नाही, आणि सारखी विचारते, "ओरेस्ट कुठे गेला? किती दिवस झाले, घरी येत नाही पोरगं. त्याला काही लागलं तर नाही ना?"

तू फोन ठेवल्यावर मी भिंतीकडे तोंड केलं. नर्सने विचारलं, दुखतंय का? मी हो म्हटलं.

इतकी वर्षं ती त्या खिडकीत बसून मला तुझ्याबद्दल विचारायची. माझ्याबद्दल कुणाला विचारणार? मी कायम तिच्या पाठीशीच उभा असायचो. मला वाटायचं की तिला मी दिसतच नाही. दिसत असणार. मागे कोणी आहे की नाही ते बघत होती ती, रिंकवरसुद्धा.

ऑर पहिला, मिरोन. जा, मान्य केलं. दुसरा कोण ते आई ठरवेल.

तिने पुन्हा विचारलं तर दवाखाना वगैरे सांगू नकोस, घाबरेल. खिडकीशी तिच्या शेजारी बस आणि सांग, ओरेस्टला काही लागलेलं नाही. तो बाकावर बसलाय. जरा दम खातोय. येईल.

तुझा
ओरेस्ट